शुक्रवारचा बाजार आणि रस्त्याचे माप

म्हापसा या नावाची एक व्युत्पत्ती आमच्या बार्देशात प्रत्येकाच्या कानी लहानपणीच पडते. जेथे माप होते, म्हणजे जेथे माल मोजून दिला-घेतला जातो, ते म्हापसा, असे घरची वडीलधारी माणसे सांगतात. ही व्युत्पत्ती लोकांनी बसविलेली असली तरी गावाच्या स्वभावाला ती शोभून दिसते. शुक्रवारी सकाळी बाजारात पाऊल टाकावे, तो चहूकडे मापच चाललेले असते. तांदूळ-मिरची वजनाने, मोयरेची केळी डझनाने, कापड मीटरने मोजले जाते. जरा कमी-अधिक झाले की घासाघीस होते, प्रसंगी शब्दाला शब्दही लागतो. परंतु या सबंध बाजारात एक वस्तू अशी आहे की, जी सर्वजण वापरतात आणि जिचे माप मात्र कोणीच करीत नाही. ती वस्तू म्हणजे बाजाराचा रस्ता.

ज्या वस्तूचे माप नाही तिचा हिशेब नाही. आणि जिचा हिशेब नाही ती ज्याच्या अंगी बळ असेल त्याची होते. बाजाराच्या रस्त्याचे आज तसेच झाले आहे. वाहन कोठे उभे करावे, हा प्रश्न आपण रोज ऐकतो. त्यावर रागाने बोलतो आणि विसरून जातो. प्रस्तुत लेखात रस्त्याचे माप कसे घ्यावे, त्यावरून काय निष्पन्न होते आणि त्याच्या आधारे बाजाराभोवतीच्या वाहनांची व्यवस्था कशी लावता येईल, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. विषय रूक्ष वाटेल. पण ज्याला त्रैराशिक येते अशा कोणत्याही विद्यार्थ्याला तो सहज समजेल, इतकी खात्री आम्ही देतो.

बाजाराचा दिवस

शुक्रवारचा बाजार हा एकट्या म्हापसा शहराचा नव्हे. बार्देशच्या गावोगावची माणसे तर येथे येतातच, पण पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतून आणि तेरेखोल नदीपलीकडून, सावंतवाडी-बांद्याकडूनही विक्रेते व गिऱ्हाइके येतात. कोणी परसातली भाजी आणतो, कोणी हरमलची मिरची, कोणी मातीची मडकी, कोणी सुके बांगडे, आमसुले, चोरीस. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करण्यासाठी, ज्याला आम्ही कोंकणीत 'पुरुमेंत' म्हणतो त्यासाठी, पोत्यांनी माल खरेदी होतो. चतुर्थीच्या आधी माटोळीचा बाजार भरतो आणि रानातली फळे, पाने, वेली घेऊन गावातल्या बायका रस्त्याच्या कडेला ओळीने बसतात. बाजार म्हणजे केवळ देवघेव नव्हे. ज्यांच्यापाशी दुकान नाही, दुकानाचे भाडे भरण्याची ऐपत नाही, अशांना आठवड्यातून एक दिवस मिळणारी ती उदरनिर्वाहाची जागा आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

नगरपालिकेचे येथील बाजार-संकुल पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या काळात उभे राहिले. निरनिराळ्या मालासाठी निरनिराळ्या ओळी, मध्ये चालण्याच्या वाटा, अशी त्याची योजना आहे. त्या काळी बाजाराला येणारा मनुष्य बहुधा पायी येई वा बसने येई. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पुढे रस्ते वाढले, पूल झाले, १९८० साली कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले आणि दूरचे गाव जवळ आले. त्याबरोबरच घरोघरी स्वतःची वाहनेही आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील शंभर घरांपैकी सुमारे ४५ घरांपाशी मोटारगाडी आढळली; सबंध देशाचे प्रमाण शंभरास आठाहूनही कमी होते. म्हणजे या बाबतीत आपले छोटेसे राज्य देशात सर्वांच्या पुढे गेले. गाड्या वाढल्या, पण बाजाराच्या गल्ल्या जेवढ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. अडचणीचे मूळ येथे आहे.

माप कसे घ्यावे

आता मापाकडे वळू. रस्त्याचे माप दोन प्रकारे घ्यावे लागते: एक जागेचे आणि दुसरे वेळेचे.

जागेचे माप सोपे आहे. नगररचनेचे जाणकार एका मोटारीला उघड्या वाहनतळावर, वळण्या-निघण्याच्या वाटेसह, सुमारे २३ चौरस मीटर जागा धरतात. वाहनतळ तळघरात असेल तर ती ३२ चौरस मीटरपर्यंत जाते, कारण खांब आणि चढउतार यांना जागा लागते. आता पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या भाजीवालीला किती जागा लागते, ते पाहा. तिला बसायला आणि गिऱ्हाइकाला तिच्यासमोर उभे राहायला मिळून सुमारे दोन चौरस मीटर पुरतात. म्हणजे एका मोटारीच्या जागेत अकरा भाजीवाल्या बसू शकतात. यावरून मोटार वाईट ठरते असे नव्हे. परंतु मोटार फुकट उभी राहते असे जे आपण समजतो, ते मात्र खोटे ठरते. तिचे मोल कोणी ना कोणी देतच असतो.

गल्लीच्या रुंदीचा हिशेबही असाच करावा. सात मीटर रुंदीची एक गल्ली घ्या. दोन्ही कडांना मोटारी उभ्या केल्या तर प्रत्येक कडेचे सुमारे दोन मीटर जातात आणि मध्ये तीन मीटर उरतात. त्या तीन मीटरांतून समोरासमोर आलेली दोन वाहने जाऊ शकत नाहीत, आणि पायी जाणाऱ्याने कोठून जावे याचे उत्तर तर मुळीच सापडत नाही. आगीच्या बंबाची रुंदी अडीच मीटरांच्या आसपास असते; तेव्हा दोन्हीकडे गाड्या असलेल्या अशा गल्लीत एखादे दार उघडे राहिले किंवा एखादी हातगाडी आडवी आली, की बंब थांबलाच म्हणून समजावे. एकाच कडेला गाड्या उभ्या केल्या आणि रहदारी एकदिशा केली, तर पाच मीटर उरतात: वाहनाला तीन आणि माणसाला दोन. गल्ली तीच, पण नियम बदलताच तिची योग्यता बदलली.

वेळेचे माप याहून महत्त्वाचे आहे आणि तेच बहुधा घेतले जात नाही. त्याची रीत अशी: गल्लीच्या तोंडाशी वही घेऊन उभे राहावे, दर अर्ध्या तासाने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावे आणि उभ्या असलेल्या प्रत्येक वाहनाच्या क्रमांकातील शेवटचे चार आकडे टिपावेत. दिवसाच्या शेवटी या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे तीन गोष्टी कळतात. एका वेळी किती वाहने उभी होती ही पहिली. एकेक वाहन किती वेळ उभे होते ही दुसरी. आणि एकेका जागेचा दिवसभरात किती वाहनांना उपयोग झाला ही तिसरी. या तिसऱ्या गोष्टीतच बाजाराचे बरेवाईट साठवलेले असते.

उदाहरण घेऊ. समजा, एका गल्लीत २० गाड्यांची जागा आहे आणि बाजार सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे १० तास चालतो. सकाळी आठलाच २० गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि संध्याकाळी सहाला निघाल्या, तर त्या गल्लीचा उपयोग २० जणांना झाला. त्याच जागी प्रत्येक गाडी एक तासच थांबली, तर २०० जणांना झाला. एक वीटही न रचता, एक पैसाही खर्च न करता, २० जागांच्या २०० झाल्या! म्हणून आम्ही म्हणतो की, बाजारात जागेची टंचाई जितकी असते त्याहून अधिक टंचाई वेळेच्या शिस्तीची असते.

आमच्या पाहणीची हकीकत

ही रीत केवळ फळ्यावर शिकवून भागणार नाही असे वाटल्यावरून दिवाळीच्या सुटीतील एका शुक्रवारी आम्ही आठवी-नववीतील दहा विद्यार्थ्यांना घेऊन बाजाराच्या एका गल्लीच्या तोंडाशी उभे राहिलो. सकाळी साडेआठला पहिली फेरी झाली, दुपारी साडेबाराला नववी. विद्यार्थ्यांनी काम चोख केले. मग एका हॉटेलच्या बाकावर बसून, चहा घेत, आम्ही याद्या जुळवू लागलो.

जे दिसले त्याने मुले चकित झाली. गिऱ्हाइकांच्या गाड्यांनी गल्ली भरते, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्या यादीतील कित्येक क्रमांक शेवटच्या यादीत जसेच्या तसे होते. जे बाजारात दिवसभर असतात ते सर्वांत आधी येतात आणि सर्वांत जवळची जागा धरतात. हा मनुष्यस्वभावच आहे. गिऱ्हाईक मागून येते, दोन घिरट्या घालते, जागा मिळत नाही म्हणून तिसऱ्या गाडीच्या मागे आपली गाडी आडवी लावते किंवा कंटाळून परत जाते. म्हणजे दुकानासमोरची जागा अडवून गिऱ्हाईक घालविणारा मनुष्य पुष्कळदा त्या दुकानातच बसलेला असतो.

इतके झाल्यावर नववीतील एक मुलगी जरा घुटमळत म्हणाली, "सर, हा एक क्रमांक नऊही याद्यांत आहे." आम्ही कौतुकाने वही हाती घेतली. क्रमांक ओळखीचा होता. ती आमचीच स्कूटर होती! सकाळी घाईत आलो, पाच मिनिटांसाठी म्हणून ती गल्लीच्या कोपऱ्यावर लावली, आणि दुसऱ्यांच्या गाड्या मोजण्याच्या भरात तिचा आम्हांला पार विसर पडला. मुले एकमेकांकडे पाहू लागली. हसावे की नाही हे त्यांना कळेना. आम्हीच आधी हसलो, पण ते हसू फार वेळ टिकले नाही.

कारण स्कूटर काढायला गेलो तेव्हा तिच्यामागे, भिंतीला अगदी चिकटून, एक वृद्धा केळीची पाटी घेऊन बसलेली दिसली. ती दर शुक्रवारी त्याच कोपऱ्यावर बसते, हे शेजारच्या फुलवालीने सांगितले. त्या दिवशी मात्र तिच्या जागी स्कूटर असल्याने ती मागे सरकली होती आणि पाटीतील बहुतेक फण्या तशाच होत्या. आम्ही क्षमा मागितली. तिने रागाचा एक शब्द काढला नाही, फक्त इतकेच म्हणाली, "मास्तर, गाडी रावता थंय गिरायक रावना." जेथे गाडी उभी राहते तेथे गिऱ्हाईक उभे राहत नाही.

विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी आम्ही जो पाठ तयार करून नेला होता, तो त्या बाईने एका वाक्यात पुरा केला. आणि आणखीही एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. आम्ही काही दुष्ट हेतूने तिची जागा घेतली नव्हती. आपली पाच मिनिटे कोणाचा तरी अख्खा दिवस असतात, याचा विचार केला नव्हता, एवढेच. बाजारातील बहुतेक अडथळे असे न विचार केल्यानेच होतात. म्हणून त्यांवर नुसता उपदेश पुरत नाही, व्यवस्था लागते.

इतरांनी काय केले

ही अडचण आजची नाही आणि आपल्याच नशिबी आलेली नाही. इ. स. पूर्व ४५ च्या सुमारास ज्यूलियस सीझरच्या काळच्या एका कायद्याने रोम शहरात दिवसा, सूर्योदयापासून पहिले दहा प्रहरांश बहुतेक मालगाड्यांना बंदी घालण्यात आली होती. त्या वेळचे रोमन लोक दिवसाचे बारा भाग मानीत, त्यांतले हे दहा. देवळांच्या बांधकामाचे सामान नेणाऱ्या गाड्यांसारखे थोडे अपवाद ठेवले होते. दिवसाचे रस्ते मोकळे झाले खरे. परंतु गाड्या रात्री धावू लागल्या, आणि पुढे जुवेनाल या कवीने रात्रीच्या खडखडाटाने झोप येत नाही अशी तक्रार आपल्या काव्यात केली. यात एक बोध आहे: एका ठिकाणचा त्रास दुसऱ्या ठिकाणी ढकलणे म्हणजे उपाय नव्हे.

मोटारी आल्यावर अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी या शहरात १९३५ च्या जुलै महिन्यात वाहन उभे करण्याच्या वेळेचे पैसे घेणारे पहिले यंत्र बसविण्यात आले. त्यामागील तक्रार आपल्या ओळखीचीच होती: बाजारपेठेत काम करणारी माणसे दिवसभर गाड्या लावून ठेवीत आणि गिऱ्हाइकांना जागा मिळत नसे. पुढे डोनाल्ड शूप या अमेरिकन प्राध्यापकाने या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला आणि २००५ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे की, रस्त्याकडेच्या जागांचे मोल इतके ठेवावे की, शंभरांपैकी सुमारे ८५ भरलेल्या आणि १५ रिकाम्या राहतील; म्हणजे येणाऱ्याला घिरट्या घालाव्या लागणार नाहीत आणि जागाही वाया जाणार नाही. आमच्या २० जागांच्या गल्लीत याचा अर्थ सदैव तीन जागा मोकळ्या, इतकाच. त्या पैशांतून त्याच पेठेची सुधारणा करावी, असेही त्याने सुचविले. कॅलिफोर्नियातील पासाडेना शहराच्या जुन्या पेठेत १९९३ पासून तसे करण्यात आले. वाहनांच्या पैशांतून पदपथ, दिवे, झाडे यांची व्यवस्था झाली आणि ओस पडत चाललेली पेठ पुन्हा माणसांनी भरली.

आपल्या देशातील उदाहरण हवे असेल तर दिल्लीच्या चांदनी चौकाचे घ्यावे. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा तो जुना रस्ता नव्याने बांधून २०२१ च्या सप्टेंबरात खुला करण्यात आला आणि सकाळी ९ ते रात्री ९ या वेळात तेथे मोटार-वाहनांना बंदी करण्यात आली. पायी चालणारे आणि सायकलरिक्षा यांना मधला रस्ता मिळाला. नियम झाला म्हणजे तो आपोआप पाळला जातो असे नाही. बंदीच्या वेळात वाहने शिरल्याच्या तक्रारी तेथेही होत आल्या आहेत. पुण्यात २०२१ साली ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्त्याचा गजबजलेला भाग त्या दिवसापुरता वाहनांसाठी बंद ठेवण्यात आला. एका दिवसाने रस्ता सुधारत नाही; पण गाड्यांवाचूनही तो रस्ता कसा दिसतो, हे लोकांना डोळ्यांनी पाहायला मिळते, आणि हेही थोडे नव्हे.

कायदा काय म्हणतो

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहने उभी करण्याच्या जागा ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारला व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना दिला आहे. त्याच कायद्याच्या १२२ व्या कलमात, इतरांना धोका, अडथळा वा अकारण गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभे ठेवण्यास मनाई आहे. आमच्या स्कूटरला हे कलम तंतोतंत लागू पडत होते, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा कायदा २०१४ चा, रस्त्यावरील विक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा. हा कायदा फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यानुसार प्रत्येक शहरात विक्रेत्यांसंबंधी निर्णय करण्यासाठी एक समिती असावी, तीत शेकडा ४० हून कमी नाहीत इतके विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे सांगितले आहे. आणखी असे की, जेथे पन्नासाहून अधिक वर्षे विक्रेते बसत आले आहेत असे बाजार वारसा-बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तेथील विक्रेत्यांना उठवू नये, असे तत्त्वही त्या कायद्याच्या परिशिष्टात घातलेले आहे. तेव्हा रस्ता मोकळा करायचा म्हणजे पाटीवाल्यांना उठवायचे, हा जो सोपा मार्ग अनेकदा सुचविला जातो, तो न्यायाचा नाही, आणि कायद्याच्या भावनेलाही धरून नाही. उभी मोटार तशीच ठेवून बसलेले माणूस उठविणे, ही कोणत्या मापाने व्यवस्था म्हणावी?

व्यवस्थेचा क्रम

या सर्वांचे तात्पर्य म्हणून आम्हांस असे वाटते की, प्रथम क्रम ठरवावा. रंगाचे पट्टे आणि पाट्या मागाहून. तो क्रम आमच्या मते पुढीलप्रमाणे असावा.

पहिला मान आगीच्या बंबाचा आणि रुग्णवाहिकेचा. बाजाराच्या प्रत्येक भागापर्यंत पोहोचणारी एक वाट कोणत्याही दिवशी, कोणत्याही कारणाने अडता कामा नये. चतुर्थीच्या आदल्या दिवशीही नाही.

दुसरा मान पायी चालणाऱ्याचा आणि बसून विकणाऱ्याचा. बाजार या दोघांच्या भेटीसाठीच भरतो. दोघांच्या मध्ये गाडी आली की बाजार मोडतो.

तिसरा मान मालाचा. पोती, टोपल्या, पेट्या यांवाचून बाजार नाही. त्यासाठी पहाटेची वेळ राखून ठेवावी. बाजार भरण्यापूर्वी टेम्पो आत यावेत, माल उतरवावा आणि बाहेर पडावे. पुरुमेंताच्या दिवसांत गिऱ्हाइकांचीच पोती जड असतात. तेव्हा हातगाड्या आणि हमाल यांची सोय ठरलेल्या दराने असावी, म्हणजे गाडी दारात आणण्याचा हट्ट उरणार नाही.

चौथा मान बसचा, रिक्षाचा आणि आपल्या गोव्याच्या 'पायलट' म्हणविणाऱ्या मोटारसायकलवाल्यांचा. हिशेब करून पाहा: ४० माणसे दोन-दोन करून मोटारींनी आली तर २० मोटारी होतात आणि त्यांना ४६० चौरस मीटर जागा लागते. तीच माणसे एका बसने आली, तर बस त्यांना उतरवून निघूनही जाते. शुक्रवारी गावोगावच्या बसफेऱ्या वाढविणे हा वाहनतळ बांधण्याचाच एक प्रकार आहे, आणि तो स्वस्त आहे.

पाचवा मान थोडा वेळ थांबणाऱ्या गिऱ्हाइकाच्या वाहनाचा. बाजाराजवळच्या जागा याच्यासाठी असाव्यात. पहिल्या तासाला थोडे पैसे, दुसऱ्याला अधिक, तिसऱ्याला त्याहून अधिक. दिवसाचे एकच शुल्क घेणे म्हणजे दिवसभर थांबण्यास उत्तेजन देणे होय.

शेवटचा मान दिवसभर उभ्या राहणाऱ्या वाहनाचा, मग ते दुकानदाराचे असो, नोकरदाराचे असो वा शाळामास्तराचे असो. त्याने दूरच्या जागी उभे राहावे. शहराच्या कडेच्या मोकळ्या मैदानांचा शुक्रवारपुरता उपयोग करून तेथून बाजारापर्यंत फेऱ्या मारणारी एखादी छोटी बस सुरू करता येईल. एका दिवसाच्या पुरासाठी मोठी इमारत उभारली, तर इतर सहा दिवस तिचे मजले बरेचसे रिकामे राहतील. नदीला एक दिवस पूर येतो म्हणून कोणी आठवडाभराच्या पाण्याला पुरेल असा पाट खणत नाही. त्या दिवसापुरता बांध फोडून पाण्याला वाट करून देतो.

दुकानदार विचारतील, वाहने दूर ठेवली तर गिऱ्हाईक येईल का? प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर मोजूनच दिले पाहिजे. त्यांनी एक शुक्रवार आपल्या दारासमोरच्या जागेची यादी करावी. ती अडविणारे वाहन गिऱ्हाइकाचे निघाले तर आमचे म्हणणे चुकले असे आम्ही मानू. परंतु ते स्वतःचे किंवा शेजाऱ्याचे निघाले, तर त्यांनी आमचे म्हणणे मानावे.

विद्यार्थ्यांसाठी

हा लेख वाचून बाजूला ठेवावा यासाठी आम्ही लिहिलेला नाही. पुढील कामे प्रत्येकाने आपल्या गावच्या बाजारात, चार-पाच जणांच्या गटाने, करून पाहावीत.

१. बाजाराच्या एका गल्लीची रुंदी टेपने मोजा. वाहने उभी असताना किती रुंदी उरते, तेही मोजा आणि आकृती काढा.

२. दर अर्ध्या तासाने वाहनांच्या क्रमांकातील शेवटचे चार आकडे टिपा. एका जागेचा किती वाहनांना उपयोग झाला ते काढा. कोणाचे नाव लिहू नका. आपल्याला माणसे पकडायची नाहीत, रस्ता समजून घ्यायचा आहे.

३. एका विक्रेत्याला, त्याचा खोळंबा न करता, तो किती वर्षे त्या जागी बसतो ते विचारा. काही विकत घेऊनच विचारा.

४. आपल्या घरचे वाहन बाजारात किती वेळ उभे असते, ते वडिलांना वा काकांना विचारा. हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, म्हणून शेवटी ठेवला आहे.

आमच्यापुरते सांगायचे तर त्या दिवसापासून शुक्रवारी आम्ही बसने जातो. केळी त्या कोपऱ्यावरच घेतो. आजीबाईंनी एकदा फणी हातात देताना, आज गाडी कुठे ठेवली, असे हसून विचारले. घरी, असे आम्ही सांगितले. त्यांनी काही न बोलता दोन केळी वर घातली. त्यांचे माप नेहमीच असे थोडे झुकते असते. रस्त्याच्या बाबतीत आपले माप निदान सरळ तरी असावे, इतकीच आमची विनंती आहे.